ऐकण्याच्या तपासणीचा प्रवास : माझगाव ते पालघर

‘मुके’ म्हटलेले मूल बहुधा मुके नसते. त्याचा घसा, जीभ, ओठ सारे ठाकठीक असते. बोलणे कानी पडले नाही म्हणून ते बोलत नाही, एवढेच. ही साधी गोष्ट ध्यानात येऊन तिच्यावर इलाज सुरू व्हायला फार काळ गेला. त्या इतिहासातील एक टप्पा पालघरला घडला, म्हणून त्याची ही ओळख.

१८८५ च्या सुमारास मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. ती भारतातील अशी पहिली शाळा मानली जाते. पण मूल शाळेत येईपर्यंत भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे सरलेली असत. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही, हे ठरवण्याची खात्रीची रीत तेव्हा नव्हती.

१९४४ साली मँचेस्टरच्या आयरीन व अलेक्झांडर यूइंग या दांपत्याने एक सोपी रीत मांडली. बाळ आईच्या मांडीवर बसते. एक जण समोरून त्याचे लक्ष गुंतवतो, दुसरा मागे बाजूला राहून हलका आवाज करतो. बाळ वळले, तर ऐकले. यात दोन अडचणी होत्या. बाळाला मान वळवता यायला हवी, म्हणजे सात-आठ महिने थांबणे आले. आणि बाळ कधी आवाजाऐवजी सावली पाहूनही वळे.

ही अडचण १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांच्या शोधाने दूर केली. आवाज दिला असता निरोगी आंतरकर्ण स्वतःही अतिशय क्षीण आवाज परत पाठवतो, असे त्यांना आढळले. आंतरकर्णातील केसपेशींच्या हालचालीमुळे हे घडते. सूक्ष्म मायक्रोफोनने हा आवाज टिपता येतो, त्यामुळे झोपलेल्या नवजात बाळाचीही तपासणी शक्य झाली. दोष सहा महिन्यांच्या आत ओळखून उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा अधिक चांगली वाढते, हे १९९८ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथील अभ्यासाने दाखवले.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी सोनिया गांधी यांच्या हस्ते ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा प्रारंभ पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी या कार्यक्रमात प्रारंभी तीस विकार निवडले होते. त्या यादीत कान तीनदा येतो : जन्मजात बहिरेपणा, मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष. हे योग्यच आहे, कारण जन्मतः चांगला असलेला कानही पुढे बिघडू शकतो. वारंवार वाहणारा कान हे त्याचे नेहमीचे कारण. अशा कानात तेल घालू नये. पडद्याला छिद्र असल्यास ते थेट मध्यकर्णात उतरते.

तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, अशी आखणी आहे. पहिली चाळणी मुख्यतः प्रश्न विचारून आणि निरीक्षणाने होते. यंत्राने तपासणी त्यानंतर. म्हणजे सारी मदार मुलाला रोज पाहणाऱ्यांच्या उत्तरांवर आहे.

येथे या भागात एक विशेष अडचण संभवते. पालघरच्या वर्गात घरी वारली बोलणारे मूल असते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांसाठी परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुले घरी आणखी वेगळी भाषा बोलतात. असे मूल गप्प राहिले, की ‘त्याला मराठी समजत नाही’ असे आपण सहज म्हणतो. कधी ते खरे असते, कधी त्याला ऐकूच येत नसते. फरक कसा ओळखावा? मुलाच्या घरच्याच भाषेत, त्याच्या पाठीमागून, हलक्या आवाजात त्याला दोन-तीन ओळखीच्या वस्तूंची नावे सांगावीत. प्रतिसाद नसेल, किंवा मूल सतत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत असेल, तर त्याचे नाव लिहून ठेवून पथकाला सांगावे. पथक येण्यास अवकाश असल्यास पालकांसह आरोग्य केंद्रात पाठवावे. हे निदान नव्हे, शंका आहे. पण वेळेवर घेतलेल्या शंकेने मुलाची भाषा वाचू शकते, असे आम्हांला वाटते.