पाणी सोडण्याची कुळकथा

आपण हक्कावर पाणी सोडतो, बढतीवर पाणी सोडतो, कधी मुकाट्याने बुडीत उधारीवरही. हे पाणी दानाचे. दान देताना यजमान हातावरून उदक सोडतो आणि त्या वस्तूवरची त्याची मालकी तिथेच संपते. गंमत अशी, की एके काळी जमीन विकतानाही हे पाणी सोडावे लागे.

हे सांगणारा धर्मशास्त्रकार विज्ञानेश्वर कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076–1126) गादीवर असताना त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वाटणीच्या प्रकरणात तो एक जुने वचन देतो. जमीन सहा गोष्टींनी हात बदलते: गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती, शिवाय सोने आणि पाणी. दुसरे वचन मात्र अडचणीचे आहे. स्थावराची विक्री मुळी होतच नाही! मग गरजवंताने करायचे काय? विज्ञानेश्वर वाट काढतो: विकायचीच असेल तर सोने-पाणी देऊन दानाच्या रूपात विका. वकिली डोके म्हणतात ते हे.

संमतीबद्दलही तो पक्का व्यवहारी. गावाचा होकार कशाला, तर व्यवहार चारचौघांत व्हावा म्हणून. तो नसला तरी व्यवहार मोडत नाही. शेजाऱ्यांचा, पुढे हद्दीचा तंटा नको म्हणून. भाऊबंदांचा, ते विभक्त की एकत्र हा संशय मिटावा म्हणून.

आणि दुसऱ्याचीच वस्तू विकली तर? त्याला 'अस्वामिविक्रय' म्हणत. याज्ञवल्क्याचा हिशेब असा: विकणारा सापडला की वस्तू मूळ धन्याला, दंड राजाला, किंमत घेणाऱ्याला परत. पण घेणारा साव असेलच असे नाही. ऐपत नसलेल्याकडून, गुपचूप, पडत्या भावात, अवेळी घेतले असेल तर तोही चोरच. मनूने धन्याच्या नातलगाने असे विकल्यास 600 'पण' (नाणी) दंड सांगितला. परक्याला थेट चोराचा दोष.

आजही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'जाहीर नोटीस' असते: अमुक गट नंबर, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी. विज्ञानेश्वराला ती समजावून सांगावी लागली नसती. जमीन घेणार असाल तर सातबारा बघाच. पण एकदा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडेही चहाला जाऊन या.