रेल्वेच्या ‘कवच’ला सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळतं कसं? एसआयएल-४ म्हणजे नेमकं काय?

सोलापूरहून हैदराबादला रेल्वेनं जाताना वाडी जंक्शनच्या पुढे दक्षिण मध्य रेल्वेचं क्षेत्र सुरू होतं. याच मार्गावर विकाराबाद आणि लिंगमपल्लीच्या दरम्यान गुल्लागुडा आणि चिटगिड्डा ही दोन छोटी स्टेशनं आहेत. बहुतेक प्रवाशांना ती लक्षातही राहत नाहीत.

४ मार्च २०२२ रोजी या दोन स्टेशनांच्या मध्ये, एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर आणण्यात आली. चाचणीसाठी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात होते. धडक होणार अशी स्थिती तयार झाल्यावर ‘कवच’ यंत्रणेनं आपोआप ब्रेक लावले आणि इंजिनं एकमेकांपासून ३८० मीटर अंतरावर थांबली.

ही चाचणी देशभर गाजली. पण एकदा ब्रेक लागले म्हणून यंत्रणा सुरक्षित ठरते का? रात्री, धुक्यात, रेडिओचा सिग्नल तुटल्यावर, सेन्सर बिघडल्यावरही ती तशीच वागेल याची खात्री कोण देतं?

ही खात्री देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तिचं नाव आहे सुरक्षा प्रमाणन. ‘कवच’च्या प्रत्येक बातमीत येणारा ‘एसआयएल-४’ हा शब्द तिथूनच आला आहे.

आधी, ‘कवच’ काम कसं करतं?

रुळांमध्ये ठरावीक अंतरावर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात. इंजिन त्यावरून गेलं की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं. स्टेशनवरचा संगणक सिग्नलची स्थिती रेडिओवरून इंजिनाला कळवतो. लोको पायलटसमोरच्या स्क्रीनवर पुढचा सिग्नल आणि परवानगी असलेला वेग दिसतो. लाल सिग्नल असूनही गाडी पुढे जात असेल किंवा वेग मर्यादेबाहेर गेला, तर यंत्रणा आधी इशारा देते. तरीही वेग कमी झाला नाही, तर स्वतः ब्रेक लावते.

म्हणजे शेवटचा निर्णय सॉफ्टवेअर घेतं. मोबाइलमधलं ॲप अडकलं तर आपण ते बंद करून पुन्हा सुरू करतो. धावत्या गाडीत ती सोय नसते. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे माणसाचा जीव जाऊ शकतो, त्याला ‘सेफ्टी-क्रिटिकल’ सॉफ्टवेअर म्हणतात.

एसआयएल-४ म्हणजे काय?

एसआयएल म्हणजे ‘सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल’. १ ते ४ असे त्याचे स्तर आहेत आणि ४ हा सर्वांत कडक. एखाद्या कामात चूक झाली तर किती नुकसान होईल, यावरून त्या कामाला कोणता स्तर लागू होतो ते ठरतं.

रेल्वेच्या मानकांनुसार एसआयएल-४ मध्ये धोकादायक बिघाडाचं प्रमाण १० कोटी तासांत एकापेक्षा कमी असावं लागतं. १० कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षं. ‘१० हजार वर्षांत एक चूक’ असं जे सांगितलं जातं, त्यामागचा हिशोब हाच आहे.

इथे ‘धोकादायक’ हा शब्द महत्त्वाचा. यंत्रणा बंद पडून गाडी उभी राहिली तर उशीर होईल, पण जीव जाणार नाही. बिघाड झालाच तर गाडी थांबण्याच्या बाजूनं व्हावा, हे रेल्वे सिग्नलिंगचं जुनं तत्त्व आहे. थांबायला हवं तिथे ‘जा’ असं सांगणारा बिघाड मात्र चालत नाही.

मग हे चाचणी घेऊन सिद्ध करता येतं का?

नाही. साधा हिशोब करून पाहा. दक्षिण मध्य रेल्वेवर सुरुवातीला १,४६५ किलोमीटर मार्गावर आणि १४४ इंजिनांवर ‘कवच’ बसवलं गेलं. ही सगळी इंजिनं वर्षभर, दिवसाचे २४ तास धावली असं धरलं, तरी वर्षाला जेमतेम १२.६ लाख तास होतात. १० कोटी तास भरायला ७९ वर्षं लागतील. मध्येच सॉफ्टवेअर बदललं, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

शिवाय सॉफ्टवेअर लोखंडासारखं झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून आत असते आणि नेमकी तशी परिस्थिती आली की बाहेर येते. युरोपचं एरियान-५ रॉकेट ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. कारण होतं जुन्या एरियान-४ मधून उचललेला सॉफ्टवेअरचा भाग. जुन्या रॉकेटवर तो नीट चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली.

म्हणूनच प्रमाणपत्र देताना ‘किती तास चाललं’ यापेक्षा ‘कसं बनवलं’ हे जास्त तपासलं जातं.

नेमकं काय तपासतात?

रेल्वेसाठी युरोपात तयार झालेली तीन मानकं जगभर वापरली जातात. ईएन ५०१२६ संपूर्ण यंत्रणेच्या सुरक्षेसाठी, ईएन ५०१२८ सॉफ्टवेअरसाठी आणि ईएन ५०१२९ सिग्नलिंगच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी. ईएन ५०१२८ ची जागा आता २०२३ मध्ये आलेल्या ईएन ५०७१६ नं घेतली आहे. त्यातल्या मुख्य अटी अशा:

• काय काय चुकू शकतं, याची यादी आधी करायची. प्रत्येक धोक्यासमोर उपाय लिहायचा.

• प्रत्येक गरज कोडच्या कोणत्या भागात पूर्ण झाली आणि कोणत्या चाचणीत तपासली, याची साखळी कागदावर दाखवायची.

• कोड लिहिणाऱ्यानंच तो पास करायचा नाही. तपासणारी माणसं वेगळी हवीत.

• एकाच संगणकावर विसंबायचं नाही. दोन संगणकांचं उत्तर जुळलं तरच गाडीला पुढे जाऊ द्यायचं, किंवा तीनपैकी दोघांचं एकमत घ्यायचं.

• शेवटी कंपनीबाहेरच्या स्वतंत्र मूल्यांकनकर्त्यानं हे सगळं तपासायचं.

भारतात ‘कवच’चे तांत्रिक निकष लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था ठरवते. प्रवासी गाड्यांवर पहिल्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर स्वतंत्र मूल्यांकन होऊन मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स या हैदराबादच्या तीन कंपन्यांना मंजुरी मिळाली. जुलै २०२० मध्ये ‘कवच’ ही राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. पहिल्या चाचणीपासून इथवर यायला चार वर्षं लागली.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रमाणपत्र ठरावीक आवृत्तीला आणि ठरावीक अटींना असतं.

१६ जुलै २०२४ रोजी आरडीएसओनं ‘कवच ४.०’ चे निकष मंजूर केले. गाडीचं ठिकाण अधिक अचूक कळणं, मोठ्या यार्डात सिग्नलची माहिती नीट मिळणं, स्टेशन ते स्टेशन ऑप्टिकल फायबरनं जोडणं असे बदल त्यात आहेत. बदल चांगला असला तरी तो बदलच असतो. त्याचा आधीच्या भागांवर काय परिणाम झाला, हे पुन्हा तपासावं लागतं. म्हणूनच अशी यंत्रणा फोनच्या अपडेटसारखी रातोरात सगळीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट बसवण्याची. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ झालेल्या अपघातात २९० हून अधिक जणांचा जीव गेला. त्या मार्गावर ‘कवच’ नव्हतं. पण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमधल्या बदलांच्या कामातल्या चुका. यंत्र कितीही कडक निकषांवर उतरलेलं असलं, तरी त्याला जोडलेली एक वायर चुकली तर यंत्राला चुकीचीच माहिती मिळते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. तपासणारा वेगळा हवा, हेच तत्त्व इथेही आहे.

सोलापूरकरांचा याच्याशी संबंध काय?

‘कवच’ वाडीपर्यंत आधीच पोहोचलं होतं. मराठवाड्यात मनमाड–मुदखेड आणि परळी–परभणी हे पट्टेही सुरुवातीच्या टप्प्यात होते. २०२५ मध्ये मध्य रेल्वेनं सोलापूरसह पाचही विभागांत ‘कवच’च्या इंजिन चाचण्या घेतल्या. चाचणी झाली म्हणजे रोजच्या गाड्यांना संरक्षण मिळालं असं नाही. रूळ, स्टेशन आणि इंजिन या तिन्ही ठिकाणी यंत्रणा बसली, तरच ती काम करते.

हा विषय रेल्वेपुरता नाही. ९ जून २०२५ पासून सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. या मार्गावरच्या एटीआर विमानांसारख्या प्रवासी विमानांचं सॉफ्टवेअर डीओ-१७८सी या मानकावर तपासलं जातं. त्यात ए ते ई असे स्तर आहेत. सर्वांत कडक ‘ए’ स्तरासाठी ७१ उद्दिष्टं पूर्ण करावी लागतात. गाड्यांसाठी आयएसओ २६२६२, तर रुग्णालयातल्या उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ हे मानक आहे.

पण स्तरच चुकीचा ठरला तर? बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत २०१८ आणि २०१९ मध्ये ३४६ जणांचा मृत्यू झाला. त्यातल्या एमकॅस यंत्रणेचं सॉफ्टवेअर सांगितलं तसंच वागलं. चूक होती ती धोका कमी लेखण्यात आणि एकाच सेन्सरवर विसंबण्यात. प्रमाणपत्र मात्र होतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘एसआयएल-४ प्रमाणित’ असा मेसेज फॉरवर्ड होऊन आला, तर तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रमाणपत्र कोणत्या आवृत्तीला आहे? कोणी दिलं, आणि तो खरंच स्वतंत्र आहे का? आणि ज्या मार्गावर आपण प्रवास करतोय, तिथे ती यंत्रणा बसून सुरू झाली आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांचा त्या प्रवाशाला अजून काही उपयोग नाही.