बाजारबैठक

भिलाईत नेमणूक होऊन आता तिसरे वर्ष चालू आहे. या तीन वर्षांत दौऱ्यावर नसेन तर रविवारची सकाळ मी एकदाही चुकवलेली नाही. साडेसहाच्या सुमारास दोन कापडी पिशव्या घेऊन निघावे, टाउनशिपच्या कडेला रस्त्यालगत पोती अंथरून बसलेल्या बायकांच्या रांगेतून एक फेरी नुसती पाहण्यासाठी मारावी आणि परतताना खरेदी करावी, असा माझा क्रम. पावसाळ्यात चेच आणि अमारी, थंडीत लाल भाजी आणि तिवऱ्याचा कोवळा पाला. तिवरा म्हणजे आपली लाखोळी. विदर्भातल्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको. टोमॅटोला इकडे पताल म्हणतात, वांग्याला भाटा, शेवग्याला मुनगा. बऱ्याच जणींपुढे तराजू नसतो. वाटे लावलेले असतात आणि भाव वाट्याचा असतो. ज्या रांगेत वाटे दिसतात तिथे बहुधा स्वतः पिकवणारी बसलेली असते आणि जिथे इलेक्ट्रॉनिक काटा दिसतो तिथे कोचिया, म्हणजे खेड्यातून माल उचलून शहरात विकणारा मधला व्यापारी, हे एवढ्या दिवसांत माझ्या लक्षात आले आहे. नियम म्हणून हे सांगत नाही. निरीक्षण म्हणून सांगतो.

हा बाजार रविवारीच का भरतो, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उत्तर सोपे वाटते: रविवारी सुट्टी असते. परंतु भारतातल्या कामगाराला रविवारची सुट्टी काही आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८०च्या दशकात सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे ती कायद्यात आली. १९४८च्या कारखाना अधिनियमात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा सुट्टीचा दिवस धरलेला होता. अखंड चालणाऱ्या कारखान्यांसाठी बदली सुट्टीची सोय होती. पोलाद कारखान्याची भट्टी रविवारी विझवता येत नाही, त्यामुळे पाळीतल्या कामगारांची सुट्टी फिरती असते. तरीही कचेऱ्या, शाळा आणि घरे रविवारीच मोकळी असतात आणि बाजार त्या मोकळ्या सकाळीच भरतो.

छत्तीसगढच्या हाटांना मात्र रविवारचे असे काही वेड नव्हते. सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी, असा हाट फिरत असे आणि आजही फिरतो. पुण्यातील पेठांना वारांची नावे त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून पडली असे सांगतात, प्रथा सारखीच. चीनमधील ग्रामीण बाजारांवर विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ साली लिहिलेले निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावेत असे आहेत. एका गावची मागणी रोज दुकान चालवण्याइतकी नसते, म्हणून विक्रेता फिरतो आणि सात गावांची मागणी एकत्र करून आपला चरितार्थ चालवतो, असा त्या विचाराचा गाभा आहे. पिकवणाऱ्याच्या बाजूनेही हे सोयीचे पडते. सहा दिवस बारीत, म्हणजे परसातल्या मळ्यात, काम करायचे आणि एक दिवस विकायचे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात, १७५८ ते १७८७ या वर्षांत बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत असताना, या प्रदेशाचा बाहेरच्या जगाशी व्यापार मुख्यतः बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. १८८०च्या दशकात नागपूरहून रेल्वे आली आणि तांदूळ डब्यांतून जाऊ लागला. १९०६ साली दुर्ग जिल्हा वेगळा झाला. तांदुला जलाशय १९२१च्या सुमारास बांधून झाला आणि कालव्याचे पाणी धानाच्या शेतांत आले. भिलाई हे या सगळ्यात एक साधे खेडे होते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांच्या आत धानाच्या शेतांवर एक शहर उभे राहिले. सेक्टर आखले गेले. प्रत्येक सेक्टरला शाळा, दवाखाना आणि पक्क्या गाळ्यांचे बाजारकेंद्र. रेल्वेच्या पलीकडे, ग्रेट ईस्टर्न रोडच्या अंगाने, कॅम्प आणि सुपेला ही वस्ती आपल्याआप वाढली. सुपेल्याचा रविवारचा बाजार आज भाजीपेक्षा कपडे आणि घरगुती वस्तूंसाठी अधिक ओळखला जातो. नियोजकांच्या बाजारकेंद्रात किराणा, कापड, शिंपी, न्हावी यांची सोय होती. आठवड्यातून एकदा डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईची सोय त्या रचनेत मला कुठे दिसत नाही. ती रस्त्याच्या कडेला बसली ती तेव्हापासून. याच सुमारास, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पाठोपाठ मेट्रिक वजने आली. शेर जाऊन किलो आला, परंतु वाटा टिकला. त्याला वजनमापे निरीक्षकाची भीती नव्हती.

इथे थोडे आमच्या स्वार्थाचे बोलतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो आणि त्या निर्देशांकाच्या केंद्रांपैकी भिलाई हे एक जुने केंद्र आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या बाजारांतून किमती टिपल्या जातात आणि देशभरच्या इतर केंद्रांच्या आकड्यांबरोबर त्या सिमल्याच्या श्रम ब्युरोत मिसळतात. १९८२च्या मालिकेत अन्नगटाचा भार शंभरात ५७ होता, २००१च्या मालिकेत ४६.२० आणि २०१६च्या मालिकेत ३९.१७. कामगाराच्या खर्चातला भाजी-भाकरीचा वाटा घटला हे चांगलेच लक्षण आहे. पण धमधा भागात टोमॅटोचे पीक एकदम आले की पिकवणाऱ्याला तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि त्याच आठवड्यात तो स्वस्त टोमॅटो निर्देशांकाला थोडा खाली ओढतो. पडलेला भाव निर्देशांकात नोंदला जातो. पिकवणारीचा तोटा कुठल्याच तक्त्यात येत नाही. ज्याला भाव पडल्याचे दुःख आहे त्याला भत्ता नाही आणि ज्याला भत्ता आहे त्याच्या पिशवीत तोच टोमॅटो आहे. भत्त्याचा आदेश निघाला की मला या रांगेची आठवण येते, एवढेच.

आता कायद्याकडे. शेतमालाचा बाजार नियमांत बांधण्याची सुरुवात आपल्याच वऱ्हाडात झाली. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली कारंजा येथे पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. मँचेस्टरला चांगला कापूस योग्य भावात मिळावा हा त्यामागचा हेतू होता; शेतकऱ्याचे हित ओघाने आले. मध्यप्रांतात १९३२ साली कापसापुरता आणि १९३५ साली इतर शेतमालासाठी कायदा झाला, मध्य प्रदेशचा मंडी अधिनियम १९७२चा, आणि २००० साली छत्तीसगढ वेगळे झाल्यावर तोच इथे चालू राहिला. या सगळ्या कायद्यांची नजर घाऊक व्यवहारावर आहे: अडत, लिलाव, वजन, चुकारा. वाट्यावर भाजी विकणारी बाई त्यांच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही.

किरकोळ भाजीबाजार नगरपालिकांकडे राहिला आणि नगरपालिकांना इमारतीची आवड. पुण्याची रे मार्केट ही देखणी वास्तू १८८६ साली खुली झाली. पालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला विरोध केला होता; तो शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही. ज्या लोखंडे यांच्यामुळे रविवार मोकळा झाला ते फुल्यांचेच सहकारी. असो.

इमारतीच्या आवडीतून मीही सुटलेलो नाही, हे इथे कबूल करणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रतिनियुक्तीवर असताना एका लहान शहराच्या आठवडी बाजाराच्या पुनर्रचनेची टिप्पणी माझ्या टेबलावरून गेली. रस्त्यावर चिखल, रहदारीची कोंडी, जनावरांचा उपद्रव, तक्रारी खऱ्या होत्या. पत्र्याच्या छताखाली सिमेंटचे ओटे बांधावेत, पाण्याचा नळ द्यावा आणि ओटे मासिक भाड्याने वाटावेत, असे मी लिहिले. टिप्पणी मंजूर झाली याचा मला तेव्हा अभिमान वाटला. दोन वर्षांनी त्या गावी गेलो. ओटे स्वच्छ होते, बरेचसे रिकामे होते आणि जे भरलेले होते त्यांवर व्यापारी होते. आठवड्यातून एक दिवस येणारी बाई महिन्याचे भाडे कशासाठी भरेल, हा प्रश्न माझ्या टिप्पणीत नव्हता. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला इतके साधे गणित सुटू नये, याचे आजही वैषम्य वाटते. बायका पुन्हा रस्त्यावर बसत होत्या. फक्त आता त्या अतिक्रमण करणाऱ्या ठरल्या होत्या.

सरकारांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. पंजाबात १९८७ साली अपनी मंडी सुरू झाली. १९९९च्या जानेवारीत आंध्र प्रदेशात रयतू बाजार आले आणि त्याच वर्षी तामिळनाडूत उळवर संदै. महाराष्ट्राने २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. यांतला रयतू बाजाराचा अनुभव मला सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण तिथे खरा शेतकरी कोण हे ठरवण्याचा प्रश्न सरळ अंगावर घेतला गेला. महसूल आणि फलोत्पादन खात्याची माणसे शेतात जाऊन पीक पाहणार आणि छायाचित्रासह ओळखपत्र देणार, अशी ती व्यवस्था. तिला सतत माणसे लागतात आणि चिकाटीचा अधिकारी लागतो. अधिकारी बदलला की पत्र कायम राहते आणि त्यावर माल मात्र दुसऱ्याचा येऊ लागतो.

२०१४चा पथविक्रेता अधिनियम आला तेव्हा मला फार आशा वाटली होती. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. नैसर्गिक बाजार ही कल्पना प्रथमच कायद्यात आली. लोक वर्षानुवर्षे जिथे आपणहून जमतात तो बाजार जागचा हलवू नये आणि पन्नासहून अधिक वर्षे चाललेला नैसर्गिक बाजार वारसा बाजार ठरवावा, असे त्यात म्हटले आहे. भिलाईचे वय पाहता इथल्या काही रांगा या कसोटीला उतरू शकतील. परंतु विक्री प्रमाणपत्रासाठी द्यायच्या हमीपत्रात एक अट आहे: उपजीविकेचे दुसरे साधन नसावे. जागा अडवून ठेवणाऱ्या दुकानदारांना दूर ठेवण्यासाठी ही अट आली असणार, हे समजते. पण अर्धा एकर बारी असलेली बाई खरे बोलली तर तिला हमीपत्र देता येत नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्या कोचियाला ते निर्धास्त देता येते. पिकवणारीला बाजारातून बाहेर ठेवण्याचा हेतू कोणाचाही नसताना हे घडते. मसुदा करणाऱ्यांनी फुटपाथवर रोज बसणारा विक्रेता डोळ्यांपुढे ठेवला आणि आठवड्यातून एकदा येणारी विक्रेती त्यांच्या नजरेतून निसटली, जशी ती माझ्या टिप्पणीतून निसटली होती.

माझ्या अल्पमतीप्रमाणे यावर उपाय प्रमाणपत्राचा नाही, बैठकीचा आहे. जागा ठरवून द्यावी, माणूस ठरवू नये. त्या दिवशी जी येईल तिने त्या दिवसाचे शुल्क द्यावे आणि उठून जावे. हे काही नवे नाही. बसल्या जागेचा त्या दिवसापुरता कर घ्यायचा या पद्धतीला जुन्या मराठी कोशांत ‘बाजारबैठक’ असा शब्द आहे आणि छत्तीसगढमध्ये ‘बाजार बैठकी’ हाच शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. तिचा दोष वसुलीचा ठेका देण्यात आहे. ठेकेदार लिलावात बोली चढवतो आणि ती टोपल्यांतून भरून काढतो. पावतीवर छापलेली रक्कम आणि घेतलेली रक्कम यांतले अंतर ज्याने बाजारात उभे राहून पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वसुली पालिकेच्या कर्मचाऱ्याकडे आणि दर फलकावर, एवढे केले तरी पुष्कळ होईल.

माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या दाईला मी एकदा विचारले की घरबसल्या कोचिया माल नेतो, तर इतका त्रास कशाला? तिने अमारीच्या जुडीवर पाणी शिंपडत विचारले, “कोचिया ला देबो त काय बांचही?” कोचियाला दिले तर उरेल काय, असे तिचे म्हणणे. गुंडरदेहीच्या बाजूची आहे. दल्ली राजहऱ्याचे लोहखनिज भट्टीपर्यंत आणण्यासाठी जो रेल्वेमार्ग टाकला त्याच मार्गावरच्या पॅसेंजरने ती मरोद्याला उतरते आणि परतीच्या गाडीच्या आधी टोपली रिकामी करावी लागते, म्हणून नऊनंतर तिचे वाटे मोठे होतात. गेल्या रविवारी मी मुद्दाम उशिरा गेलो नव्हतो, परंतु तिने तसेच समजून दोन वाटे एकाच्या भावात पिशवीत टाकले. मी दोन्हींचे पैसे देऊ लागलो तर तिने एकाचेच घेतले आणि सांगितले की उरलेल्यातून बैठकीवाल्याची आजची पावती तेवढी तुम्हीच वाचून दाखवा. पावतीवर दहा रुपये छापलेले होते. तिच्याकडून वीस घेतले होते. तो माणूस रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. मी पिशव्या तिच्यापाशी ठेवल्या आणि त्याच्याकडे चालू लागलो.