पांझरेकांठचा मुलूख

एखाद्या दूरच्या देशाची ओळख करून देणारें भाषण ठराविक क्रमानें चालतें. प्रथम भूमि, मग माणसें, त्यानंतर शेती, उद्योग व व्यापार. मध्य आफ्रिकेंतील एखाद्या देशाचें असें वर्णन आपण कुतूहलानें ऐकतों. परंतु घरच्या मुलखाची तशी पाहणी करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आज ती पाहणी धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याच्या पश्चिम भागाची, म्हणजे पिंपळनेर व त्याच्या आसमंताची करावयाची आहे. हा प्रदेश लहान आहे. पण खानदेशच्या इतिहासांतील बहुतेक मोठे प्रश्न येथें एकत्र भेटतात. त्यांपैकीं एक आपण शेवटपर्यंत डोळ्यांपुढें ठेवूं : पाणी अपुरें पडलें, तर तो तोटा कोणीं सोसावयाचा?

प्रथम भूमि. खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीच्या उतरत्या रांगा. त्या पश्चिम कोपऱ्यांत, डोंगरांच्या पायथ्याशीं, पांझरा नदीच्या कांठीं पिंपळनेर वसलेलें आहे. या नदीची वाट मोठी वळणाची आहे. पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून ती पूर्वेस धांवते, धुळें शहरावरून पुढें जाऊन उत्तरेकडे वळते आणि मुडावदजवळ तापीस मिळते. तापी तेंच पाणी घेऊन पुन्हां पश्चिमेस, सुरतेकडे, जाते. पाऊसहि असाच विषम आहे. डोंगरापलीकडे नवापुराकडे वर्षाला हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. इकडे धुळ्यास तो सहाशेंच्या आसपास येऊन ठेपतो. वर भात व नागली, खालीं बाजरी, ज्वारी व कापूस, हा पिकांतील फरक या पावसानें ठरविला आहे.

भूमीप्रमाणें माणसांचेहि दोन थर दिसतात. नदीकांठच्या काळ्या जमिनींत अहिराणी बोलणारा शेतकरी आणि त्याच्या भोंवतीं सुतार, लोहार, कुंभार अशीं कसबी घरें; डोंगरांतील पाड्यांवर कोकणी, मावची आणि भिल्ल. अहिराणी हें नांव अहीर अथवा आभीर लोकांवरून पडलें असें मानतात. निजामपुराजवळचा भामेरचा किल्ला व तेथील लेणीं या जुन्या काळाची साक्ष देतात. यादवराजा सिंघण यानें ज्या लक्ष्मीदेवास जिंकलें, त्याची भंभागिरी ती हीच, असें अभ्यासकांचें मत आहे. श्रावणांत खालच्या गांवांतून कानबाईची स्थापना होते, तर मार्गशीर्षांत वरच्या पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. बाजार मात्र दोघांचा एकच असतो.

आतां वाट व व्यापार. आज हा प्रदेश कोपऱ्यांतला वाटतो. एके काळीं तो हमरस्त्यावर होता. सुरत हें मोंगल साम्राज्याचें मोठें बंदर. तेथून दक्षिणेकडे जाणारे तांडे घाट चढून याच बाजूनें पुढें जात. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियर यानें सुरत ते गोवळकोंडा या मार्गाचे टप्पे दिले आहेत. त्यांत नवापूरच्या पुढें 'पिपेलनार' असें जें गांव येतें, तें आपलें पिंपळनेरच होय. नवापूरच्या तांदळाची त्यानें तोंडभर स्तुति केली आहे : दाणा बारीक, शिजल्यावर शुभ्र, आणि वास कस्तुरीसारखा. म्हणजे डोंगरांतल्या शेतकऱ्याचा माल त्या काळीं परदेशी प्रवाशांच्याहि परिचयाचा होता. घाटांची राखण भिल्ल नाइकांकडे असे आणि त्याबद्दल त्यांना हक्काची रक्कम मिळे. वाट चालू राहावी हा सर्वांचा स्वार्थ असल्यानें ही व्यवस्था टिकून होती.

परंतु या मुलखाचें खरें धन वाटेपेक्षां पाण्यांत होतें. पांझरा, कान, मोसम अशा नद्यांवर जागोजाग दगडी बंधारे बांधून शेती भिजविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला फड पद्धति म्हणतात. तिचें वय अभ्यासक तीनशें ते चारशें वर्षे धरतात. बंधाऱ्यापासून पाट निघे. पाटाखालील भिजणारी जमीन तीन-चार मोठ्या भागांत विभागलेली असे. प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडांत एका वेळीं एकच पीक. एका फडांत ऊस, दुसऱ्यांत गहूं, तिसऱ्यांत हरभरा, आणि पुढील वर्षीं पिकांची अदलाबदल. या योजनेचें मर्म असें कीं, गांवांतील खातेदाराचा तुकडा बहुधा प्रत्येक फडांत असे. पाणी कमी आलें, तर पंचमंडळी एक फड कोरडा ठेवीत. त्यामुळें तूट सर्वांच्या वांट्यास सारखी येई. पाणी सोडण्यास पाटकरी, पिकें राखण्यास जागल्या, देखरेखीस हवालदार, आणि त्यांचा मोबदला धान्याच्या रूपानें. दरवर्षीं पाटांतील गाळ काढण्यास सर्वांनीं यावें असा दंडक होता. हें सर्व कोणत्याहि लेखी कायद्यावांचून शतकानुशतकें चाललें.

याच व्यवस्थेच्या अनुरोधानें खानदेशच्या उत्कर्षाचा व ऱ्हासाचा अर्थ लावितां येतो. फारुकी राजांनीं चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून येथें राज्य केलें. १६०१ सालीं अकबरानें अशीरगड घेतला आणि तें राज्य संपलें. पुढें १६३० चा भीषण दुष्काळ आला. त्या वर्षीं सुरतेहून बऱ्हाणपुरास गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें वाटेंत पडलेल्या प्रेतांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. मराठेशाहीच्या अखेरीस १८०२ पासून होळकरी फौजांची लुटालूट, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गांवेंच्या गांवें उजाड झालीं. जमीन तीच होती, नदी तीच होती, दगडी बंधारेहि पुष्कळ ठिकाणीं उभे होते. परंतु गाळ काढावयास माणसें उरलीं नाहींत, पाटकऱ्याला द्यावयास धान्य उरलें नाहीं. दगड पुन्हां रचतां येतो. विस्कटलेला गांव पुन्हां जमविणें फार कठीण असतें.

१८१८ सालीं इंग्रजी अंमल आला तेव्हां कॅप्टन ब्रिग्ज यास असा मुलूख मिळाला. वाटा ओस पडल्यानें नाइकांचे हक्क बुडाले होते, आणि ज्यांनीं घाट राखावयाचे तेच घाट अडवून बसले होते. प्रथम तलवार चालली. पुढें धोरण बदललें. १८२५ सालीं औट्रम यानें धरणगांव येथें भिल्लांची पलटण उभारली आणि बंडखोरांतूनच रखवालदार निर्माण केले. तरीहि असंतोष शमला नाहीं. १८५७-५८ सालीं खाज्या नाईक यानें सातपुड्यांत इंग्रजांशीं झुंज दिली. भिल्लाला लुटारू म्हणणाऱ्या लेखकांनीं त्याचा बुडालेला हक्क क्वचितच विचारांत घेतला.

त्यानंतर शांतता आली आणि तिच्याबरोबर कापूस आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकांत खानदेशांत आगगाडी आली. रोख सारा भरावयाचा, तर रोख देणारें पीक हवें. पुढें १९२० नंतरच्या काळांत मध्य आफ्रिकेंतील उबांगी-शारी या मुलखांत, म्हणजे १९६० सालीं स्वतंत्र झालेल्या आजच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकांत, फ्रेंच सरकारनें कापूस लावण्याची प्रत्यक्ष सक्ति केली. खानदेशांत तशा हुकुमाची गरज पडली नाहीं. सारा आणि सावकार या दोघांनीं तेंच काम केलें. शेतकरी दूरच्या बाजारभावाशीं बांधला गेला, मग तो आफ्रिकेचा असो कीं तापीकांठचा. १९०० च्या सुमारास सुरतेकडील तापी खोऱ्याची आगगाडी अंमळनेरपर्यंत, आणि चाळीसगांवाकडील फांटा धुळ्यापर्यंत आला. पिंपळनेर मात्र दोन्ही रुळांपासून दूर राहिलें, आणि जुना हमरस्ता कोपरा बनला. १८८० च्या गॅझेटियरांत पिंपळनेर हा खानदेशच्या १६ तालुक्यांपैकीं एक आहे. पुढें तालुक्याचें तें नांवहि साक्रीकडे गेलें.

या काळांतील एक गोष्ट मात्र अभिमानानें सांगण्यासारखी आहे. १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झालेल्या एका तरुण इंजिनियरास आरंभींच पांझरेवरील पाटाचें पाणी नळांतून नदीपलीकडे नेण्याचें काम मिळालें. साक्री तालुक्यांतील दातर्ती येथील हें काम, आणि ते इंजिनियर म्हणजे विश्वेश्वरय्या. पुढें साऱ्या हिंदुस्थानांत गाजलेल्या या पुरुषाच्या कर्तृत्वाचा आरंभ पांझरेच्या पाण्यावर झाला.

फड पद्धतीची थोरवी सांगतांना तिची मर्यादाहि सांगितली पाहिजे. तिची समता खातेदारांपुरती होती. ज्या डोंगरांतून पाणी येई, तेथील कोकणी, मावची व भिल्ल यांचा त्या वाटणींत हिस्सा नव्हता. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर तर त्यांचें रानहि सरकारी झालें. काल जें हक्काचें होतें तें आज गुन्ह्यांत जमा झालें. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें हा अन्याय प्रथमच शब्दांत मान्य केला.

स्वातंत्र्यानंतर पिंपळनेरच्या वर लाटीपाडा येथें पांझरेवर धरण झालें, खालीं अक्कलपाडा येथेंहि झालें. शहराला पिण्याचें पाणी हवें, तेंहि रास्तच. विहिरी वाढल्या, विजेचे पंप आले, ज्याचें त्याचें पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आलें. उत्पन्न कांहीं ठिकाणीं वाढलें. परंतु पुष्कळ फड मोडले, आणि त्यांबरोबर पाटकरीहि गेला. गंमत अशी कीं, २००५ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून पाणीवाटपाचें काम शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याचें ठरविलें. जें पांझरेकांठीं न लिहितां चालत होतें, तें आतां कलमांत लिहावें लागलें.

श्रोतेहो, पंप लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. त्याच्या आजोबाला पाण्याची तूट गांवाबरोबर सोसतां येत होती. त्याला ती एकट्यानें सोसावी लागते, म्हणून तो विहीर आणखी खोल नेतो. ज्या वर्षीं पाऊस भरपूर होतो त्या वर्षीं कोणतीहि व्यवस्था चांगलीच दिसते. तिची परीक्षा कोरड्या वर्षीं होते. कोणता फड कोरडा ठेवावयाचा हें ठरवावयास सर्वजण एकत्र बसतात कीं नाहीं, आणि त्या बैठकींत डोंगरावरच्या पाड्याला या खेपेस तरी जागा मिळते कीं नाहीं, यावर पांझरेकांठचें पुढील शतक अवलंबून आहे.