४९ सेंटची कॉफी

न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर, २७ फेब्रुवारी १९९२. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसल्या होत्या. गाडी उभी होती. मॅकडोनाल्ड्समधून ४९ सेंटला घेतलेला कॉफीचा कप गुडघ्यांत धरून त्यांनी साखर-दूध घालायला झाकण ओढलं आणि कॉफी मांड्यांवर सांडली.

अमेरिकेत हा किस्सा वेगळाच पसरला. बाई म्हणे गाडी चालवत होती, कॉफी सांडली, कोर्टात गेली आणि मालामाल झाली! टीव्हीवरच्या विनोदवीरांना हा माल वर्षानुवर्षं पुरला. १९९५ मध्ये 'साइनफेल्ड' मालिकेनेही त्यावर हात धुऊन घेतले. सुझन सॅलाडॉफ यांचा 'हॉट कॉफी' (२०११) हा माहितीपट या विनोदाखाली दबलेलं प्रकरण पुन्हा उघडतो.

कंपनी कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवत असे. इतकी गरम कॉफी काही सेकंदांत कातडी आरपार भाजते. लीबेकबाईंची सहा टक्के त्वचा पूर्ण खोलीपर्यंत भाजली. आठ दिवस रुग्णालयात, वर त्वचारोपण. त्यांनी मागितले २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. खटल्यात कळलं, की दहा वर्षांत अशा भाजण्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या.

ऑगस्ट १९९४ मध्ये ज्यूरीने दोन लाख डॉलर भरपाई ठरवली आणि त्यातून बाईंच्या स्वतःच्या चुकीपोटी २० टक्के कापले. विनोद सांगणाऱ्यांनी ही वजाबाकी कधी सांगितली नाही. वर २७ लाखांचा दंड, म्हणजे कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी तो ४,८०,००० वर आणला आणि पुढे दोन्ही पक्षांनी गुपचूप तडजोड केली. लोकांच्या तोंडी राहिला तो मोठाच आकडा.

भरपाईला लगाम घालू पाहणाऱ्या 'टॉर्ट रिफॉर्म' चळवळीला हे आयतं उदाहरण मिळालं. चळवळ मात्र जुनी. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्येच वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदना-यातनांच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली होती. टेक्सासने २००३ मध्ये अशाच मर्यादेसाठी राज्यघटना दुरुस्त केली. नेब्रास्का त्याहून कडक: तिथे उपचारखर्चासकट सगळीच रक्कम मर्यादेत. माहितीपटात तिथलं एक कुटुंब भेटतं. गर्भारपणातल्या वैद्यकीय हलगर्जीमुळे जुळ्यांपैकी एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. ज्यूरीने ५६ लाख दिले, कायद्याने साडेबारा लाखांवर थांबवलं. उरलेल्या उपचारांचा भार पडला सरकारी आरोग्य योजनेवर, म्हणजे करदात्यांवर. हलगर्जी करणारा सुटला आणि बिल शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खिशातून गेलं.

सॅलाडॉफ स्वतः इजाग्रस्तांच्या वकील होत्या, आणि ते पडद्यावर लपत नाही. कंपन्यांची बाजू फारच आवरती घेतली आहे. पण मर्यादांची गोष्ट काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियातले ते अडीच लाख महागाई कितीही वाढली तरी जागचे हलले नव्हते. रक्कम वाढवणारा कायदा झाला तो २०२२ मध्ये.