एका छेदाचे वचन

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८५मध्ये जर्मनीत एरिख म्यूह यांनी केली. पुढे तीन-चार लहान छिद्रांची ही पद्धत जगभर रुळली. तेव्हा प्रश्न निघालाच: सगळे काम बेंबीतल्या एकाच छिद्रातून का होऊ नये? व्रण दिसणारच नाही! २००८च्या सुमारास ही लाट जोरात होती. पण एकाच भोकातून आत गेलेली सरळ हत्यारे एकमेकांवर आपटत आणि डॉक्टरांचे हात अवघडत.

यंत्रमानवाचे वचन इथे जन्मले. हत्यारे एका नळीतून आत जातील, आत गेल्यावर कोपरासारखी वाकतील आणि कोणता हात कुठे हे संगणक सांभाळील.

मी डॉक्टर नाही. कंपन्यांनी गुंतवणूकदारांपुढे ठेवलेली कागदपत्रे वाचणे हा माझा जुना नाद. त्यांत या वचनाचा दुसरा अर्थ दिसतो. इंट्यूइटिव्ह सर्जिकलच्या ‘दा विंची’ला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी २०००मध्ये मिळाली. यंत्र एकदा विकले जाते. ठरावीक वापरांनंतर बदलावी लागणारी हत्यारे आणि देखभाल यांचे पैसे मात्र वर्षानुवर्षे येत राहतात. या उत्पन्नात वाटा मिळवायचा, तर नव्या कंपनीला वेगळे काहीतरी दाखवणे भाग होते. ‘एकच छेद’ हे ते वेगळेपण.

अमेरिकेतील ट्रान्सएंटेरिक्सने ‘सर्जीबॉट’साठी २०१५मध्ये अर्ज केला. एप्रिल २०१६मध्ये नकार आला आणि समभागाचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली कोसळला. कंपनीने तोवर इटलीतले बहुछिद्री यंत्र विकत घेतले होते. त्यावरच पुढची भिस्त ठेवली आणि ‘सर्जीबॉट’ची मालमत्ता विकून टाकली. टोरांटोच्या टायटन मेडिकलने ‘स्पोर्ट’ नावाचे यंत्र अनेक वर्षे घडवले, पुढे त्याला ‘एनोस’ म्हटले. पैसे संपत आले, तेव्हा २०२२मध्ये काम थांबवून माणसे कमी केली. ते यंत्र बाजारात कधी आलेच नाही. २०२३मध्ये इंट्यूइटिव्हने ७५ लाख डॉलर मोजून टायटनच्या पेटंटांचा परवाना घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीचा कागद अखेर अग्रणीच्याच कपाटात गेला.

तो अग्रणी स्वतः मात्र घाईत नव्हता. त्याच्या एकछिद्री यंत्राला २०१४मध्येच परवानगी मिळाली होती, तरी ते विक्रीस आणले नाही. सुधारित ‘दा विंची एसपी’ला २०१८मध्ये मूत्ररोग शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. थांबणे त्याला परवडले, कारण जुन्या यंत्रांची कमाई चालू होती. इतरांना प्रत्येक वर्षाची उसनवारी फेडायची होती.

आणि रुग्ण? ‘एसपी’ची नळी अडीच सेंटिमीटरची असते, नेहमीच्या ‘दा विंची’ची हत्यारे आठ मिलिमीटरची. म्हणजे छिद्रे घटली, पण उरलेले छिद्र मोठे झाले. यंत्राविना केलेल्या एकछिद्री शस्त्रक्रियांच्या काही चाचण्यांत त्या जागी हर्नियाचे प्रमाण अधिक आढळले होते. घशासारख्या अरुंद जागी एकाच वाटेने जाण्याचा फायदा खरा आहे. २०१९मध्ये ‘एसपी’ला तिथेही परवानगी मिळाली. पण भांडवल जमवताना पुढे केला गेला तो बेंबीत लपणारा व्रण.

छेद मोजायला सोपे असतात, म्हणून ते जाहिरातीत येतात. त्या छेदातून रुग्णाचे नेमके काय भले झाले, हे मोजायला वर्षे लागतात. टायटनसारख्या कंपन्यांपाशी नव्हती ती हीच वर्षे.