रंग नसलेला मारिओ

मागच्या रांगेतली पोरं हसतायत ते मला दिसतंय. इतिहासाचं व्याख्यान आणि विषय काय, तर मारिओ! पण आपल्या तालुक्यात हत्तरसंग कुडलचा शिलालेख आहे, म्हणून मंद्रूपच्या माणसानं हजार वर्षांपूर्वीचंच बोलायचं असं थोडंच आहे? तीस वर्षांपूर्वी आपल्याच घरात काय चाललं होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. शिलालेख निदान दगडावर तरी आहे.

आधी जपानकडचा भाग. निन्टेन्डो कंपनीनं ‘फॅमिकॉम’ हे घरी खेळायचं यंत्र जुलै १९८३ मध्ये आणलं आणि १३ सप्टेंबर १९८५ ला त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंडो यांचं. सगळा खेळ मिळून ४० किलोबाइट. आज मोबाईलवर लग्नपत्रिकेचा फोटो येतो ना, तो याहून कितीतरी मोठा असतो.

एवढ्याशा जागेत नायकाची रूपं कशी बसवली, हे बघण्यासारखं आहे. एका आकृतीला तीनच रंग मिळायचे, पडद्यावर एका वेळी फार तर पंचवीस. मारिओ छोटा असतो तेव्हा सोळा ठिपके उंच, छत्री खाल्ली की बत्तीस. मोठ्या मारिओचं चित्र नव्यानं काढावं लागलं. पण फूल घेतल्यावर तो आगीचे गोळे फेकायला लागतो, तेव्हा चित्र जवळजवळ तेच राहतं. टोपी आणि कपड्यांचा रंग तेवढा बदलतो. चांदणी घेतली की रंग भराभरा फिरत राहतात. मोठं करणारी छत्री आणि एक जीव वाढवणारी छत्री, दोन्हींचं चित्र एकच, फक्त रंग वेगळे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप, तेही एकच चित्र. एक पांढरं, एक हिरवं. म्हणजे अर्ध्या गोष्टींचा अर्थ रंगावर टांगलेला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे. निन्टेन्डोचं खरं यंत्र मी त्या काळात इकडं कधी पाहिलं नाही. आलं ते नक्कल केलेलं. खोक्यावर ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ असली नावं. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळा डांबरासारखा थेंब. त्या थेंबाखाली सगळी करामत. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’, आणि खेळ मोजून पाच-सात. तेच पुन्हापुन्हा, एखादा मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारा. कॅसेट चालेना झाली की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आमच्याकडचं यंत्र माझ्या थोरल्या चुलतभावानं, अण्णानं, सोलापुरातून नवी पेठेतून आणलेलं. त्याच्याबरोबर माहितीचा कागद नव्हता. असता तरी आम्ही वाचला नसता. अर्धी गल्ली घरात कन्नड बोलणारी, अर्धी मराठी, आणि खेळाला भाषा लागतच नव्हती.

देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं, पण आमच्या घरात नव्वदच्या दशकातही ब्लॅक अँड व्हाईटच टीव्ही होता. अँटेनाची वायर काढायची, यंत्राची जोडायची, आणि चॅनलचं बटण हळूहळू फिरवत बसायचं. मुंग्यांमधून मारिओ उगवायचा. करडा.

मग रंगावर टांगलेल्या त्या गोष्टींचं काय झालं? पोरांनी दुसऱ्या खुणा शोधल्या. चांदणी उड्या मारत येते. फूल जागचं हलत नाही. छत्र्या दोन्ही सारख्याच सरपटतात, म्हणून कुठल्या ठोकळ्यातून कुठली निघते ते पाठ. ‘छत्री’ हा शब्दही आमचाच. रानात पावसाळ्यात उगवते ती कुत्र्याची छत्री, विषारी असते, हात लावू नको असं आज्जी बजावायची. इथं हा माणूस ती खाऊन दुप्पट होत होता. पहिल्याच टप्प्यात ती छत्री पाईपला आपटून उलटी तुमच्या अंगावर येते. नवीन खेळणाऱ्याला ती मिळावीच म्हणून केलेली ही योजना, पण त्याआधी समोर येणारा शत्रूही छत्रीसारखाच दिसतो. आमचे पहिले कितीतरी डाव त्या छत्रीपासून पळण्यातच गेले. (हशा)

सोलापूरच्या आत्याकडे रंगीत टीव्ही होता. तिचा मुलगा सुट्टीला आला आणि म्हणाला, जीवाची छत्री हिरवी असते. कुणी विश्वास ठेवला नाही. मीच त्याला खोटारडा म्हटलं, आणि तो दोन दिवस आमच्याशी खेळला नाही. पुढं जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी मी पहिल्यांदा निळं आकाश बघितलं. छत्री हिरवी होती. मी त्याची माफी मागितली नाही, हे आज सांगून टाकतो.

पण एक गोष्ट त्याला दिसली नव्हती. आमच्या गल्लीत झुडपांना ‘पडलेले ढग’ म्हणायचे. रंगच नसल्यामुळे आम्हाला आकार दिसत होता. ढग आणि झुडूप एकच आहे, ही गोष्ट पुढं जगभर गंमत म्हणून सांगितली गेली. मंद्रूपमधल्या सात-आठ वर्षांच्या पोरांना ती रोज दिसत होती, आणि त्यात काही विशेष आहे हे त्यांना माहीत नव्हतं. १९८८ च्या तिसऱ्या भागात मारिओला शेपूट फुटतं, बेडकाचा पोशाख मिळतो. तो भाग आमच्या कॅसेटमध्ये नव्हता, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही.

खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, आणि लाईट रोज जायची. म्हणून अण्णानं वही केली होती. यंत्र कधीच भंगारात गेलं, वही मात्र मागच्या दिवाळीत माळ्यावर सापडली. ही बघा. चौरेघी वही, पेन्सिलीचं अक्षर. पहिल्या पानावर लिहिलंय: ‘चौथा पाईप झाला की खड्ड्याच्या आधी रिकाम्या हवेत उडी मार. जीव आहे. दिसत नाही.’